छोट्या नाट्यगृहात पहिल्यांदा जाताना : फलक वाचण्यापासून सामान आवरण्यापर्यंत

मी मूळची सांगलीची. नाटक म्हटलं की विष्णुदास भावे नाट्यमंदिर, आईने आठवडाभर आधी काढून ठेवलेली तिकिटं, मध्यंतरातला बटाटेवडा आणि परतताना रिक्षात बाबांनी गुणगुणलेली पदं, एवढंच मला ठाऊक होतं. नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा ऑफिसातली एक मैत्रीण मला शनिवार पेठेत, अहिल्यादेवी शाळेजवळच्या सुदर्शन रंगमंचावर घेऊन गेली. आत शिरले आणि गोंधळले. बाल्कनी नाही, मखमली पडदा नाही, समोर एक स्टूल आणि एक परात. दिवे गेले. परत आले तेव्हा माझ्या पायांपासून चार फुटांवर एक बाई कांदा चिरत बसली होती. खराखुरा कांदा. बोलता बोलता ती चिरत राहिली, वास मागच्या रांगांपर्यंत पोचला आणि माझे डोळे चुरचुरायला लागले. तिच्या डोळ्यांतलं पाणी कांद्याचं की संवादाचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या संध्याकाळपासून मी छोट्या नाट्यगृहांना जाते आहे. गावाकडून शिकायला आलेली मुलं, नव्याने बदली होऊन आलेले सहकारी, सोसायटीतले निवृत्त काका-काकू मला विचारत असतात : कसं जायचं, काय बघायचं, आपल्याला कळेल का, नुसतं आत गेलं तर चालतं का. त्यांना दरवेळी तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमाने लिहून काढते. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मी इथे राहते. पण ठाणे, नाशिक, कोल्हापूर किंवा फोंडा कुठेही छोटी जागा असेल तर बरंचसं लागू पडेल.

आधी जागा ठरवा, नाटक नंतर

माझं सगळ्यात आग्रहाचं म्हणणं हेच आहे, म्हणून पहिलं.

मोठ्या नाट्यगृहात आपण नावाला जातो. बालगंधर्वला किंवा यशवंतराव चव्हाणला कोण काम करतंय, ते बघून तिकीट काढतो आणि त्यात चूक काहीच नाही. छोट्या जागेत हा हिशोब चालत नाही. तिथे जाहिरातीत दिसणारी नावं आपल्या ओळखीची नसतात. नाटकाचे प्रयोग मोजकेच होतात. काम करणारे बहुतेक जण दिवसा नोकरी किंवा कॉलेज करून संध्याकाळी तालमी करणारे, त्यामुळे सगळ्यांच्या तारखा जुळल्या की प्रयोग लागतो, नाही जुळल्या की महिनोन्महिने लागत नाही. 'कुणीतरी चांगलं म्हणाल्यावर बघू' म्हणून थांबलात, तर तोपर्यंत ते नाटक बंद झालेलं असतं.

म्हणून घरापासून जायला सोपी पडेल अशी एक जागा निवडा आणि सहा महिने महिन्यातून एकदा तिथे जायचंच असं ठरवा. त्या दिवशी जे असेल ते बघायचं. सहांतली दोन आवडणार नाहीत, दोन बरी वाटतील आणि एखाददुसरं असं निघेल की ते कितीतरी दिवस डोक्यातून जाणार नाही. शिवाय तिसऱ्या-चौथ्या खेपेला दारावरची मंडळी तुम्हाला ओळखायला लागतात, आणि 'पुढच्या शनिवारचं चुकवू नका' हा सल्ला तिथूनच मिळतो. माझ्या अनुभवात तो कुठल्याही परीक्षणापेक्षा जास्त वेळा खरा ठरलेला आहे.

पुण्यात सुरुवातीला सुदर्शन रंगमंच चांगला. महाराष्ट्र कल्चरल सेंटर तो चालवतं. याच संस्थेकडे टिळक रस्त्यावर हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे आणि तिथेच श्रीराम लागू रंग-अवकाश आहे. एरंडवण्यात 'द बॉक्स' आहे. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर या सगळ्यांहून मोठं आणि जुनं. ते चालवणारी संस्था १८९४ सालची. पण तिथला स्पर्धांचा माहोल इतका घरचा असतो की मी त्याला याच यादीत धरते.

मुंबईकरांसाठी जुहूचं पृथ्वी थिएटर आहे. १९७८मध्ये सुरू झालेलं, जेमतेम दोनशे खुर्च्यांचं, प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंनी बसलेले. प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीतलं मिनी थिएटर आणि नरिमन पॉइंटला एनसीपीएचं एक्स्पेरिमेंटल थिएटर. मराठीत अशा जागांची गोडी लावली ती मात्र एका शाळेने. १९७१ साली अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे वगैरे मंडळींनी 'आविष्कार' ही संस्था काढली आणि १९७४पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात नाटकं करायला सुरुवात केली. मोठं नाट्यगृह परवडत नाही, तर शाळेचं सभागृह घ्यायचं, असा साधा व्यवहार होता तो. त्यातून जे उभं राहिलं त्याला लोक आजही 'छबिलदास चळवळ' म्हणतात. तेव्हा एखाद्या छोट्या नाट्यगृहाचा जिना शाळेसारखा वाटला, खुर्च्या एकसारख्या नसल्या, तर ती जागा उणी आहे असं मनात आणू नका.

काय लागलंय ते कुठे कळतं

पेपरातल्या पानभर नाटकांच्या जाहिरातींत या प्रयोगांचं नाव क्वचितच असतं, कारण जाहिरातीचा खर्च परवडत नाही. 'आजचे कार्यक्रम' अशा बारीक टायपातल्या सदरात मात्र ते सापडतात. त्या सदराची सवय लावा.

दुसरा मार्ग, नाट्यगृहाचं आणि तिथे सातत्याने प्रयोग करणाऱ्या संस्थांचं इन्स्टाग्राम किंवा फेसबुक पान. बहुतेक ठिकाणी महिन्याचा कार्यक्रम एकत्र टाकतात. तिसरा मार्ग मला सगळ्यात भरवशाचा वाटतो : प्रयोगाला गेलात की दाराशी एक वही ठेवलेली असते, तीत नाव आणि मोबाइल नंबर लिहून या. पुढच्या कार्यक्रमांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश घरबसल्या येतात. वही दिसली नाही तर विचारा. आणि नाट्यगृहासमोरून जाणं-येणं असेल तर बाहेरचा फलक वाचत चला. ऐनवेळी ठरलेला कार्यक्रम कधीकधी फक्त तिथेच लिहिलेला असतो.

पोस्टर नीट वाचा

नवख्या माणसाची फसगत होते ती इथे. 'नाटक' समजून जावं आणि समोर चार जण संहिता हातात घेऊन बसलेले असावेत! मग निराश व्हायला होतं, आणि चूक त्या चौघांची नसते. पोस्टरवर सगळं लिहिलेलं असतं, फक्त शब्द ओळखीचे हवेत.

'अभिवाचन' किंवा 'नाट्यवाचन' म्हणजे वाचूनच सादर करणं. नेपथ्य नाही, हालचाल थोडी, सगळा भार आवाजावर. कथा, पत्रं, कादंबरीतले उतारे, नवं लिहिलेलं नाटक, काहीही असू शकतं. ज्यांना डोळे मिटून ऐकायला आवडतं त्यांनी इथून सुरुवात करावी. नवीन नाटकाचं वाचन असेल तर बहुधा नंतर चर्चा असते आणि लेखक स्वतः समोर बसलेला असतो. तुम्ही केलेली सूचना पुढच्या खर्ड्यात उतरलेली बघणं हा फार आनंदाचा अनुभव असतो. मी तो एकदा घेतला आहे. एका वाचनानंतर मी एवढंच म्हटलं होतं, की धाकटी बहीण दुसऱ्या प्रवेशानंतर कुठे जाते ते कळत नाही. सात-आठ महिन्यांनी त्याचा प्रयोग पाहिला, तर धाकटी बहीण दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी पिशवी भरताना दिसली.

'एकांकिका' म्हणजे एका अंकाचं, साधारण पाऊण-एक तासाचं नाटक. एका तिकिटात दोन-तीन एकांकिका असतात. नवख्यांसाठी हे उत्तम, कारण एक नाही रुचली तरी पुढची असते. 'दीर्घांक' म्हणजे एकच लांब अंक, दीड तास किंवा थोडा जास्त, आणि बहुतेकदा मध्यंतर नाही. मध्यंतर नाही हे पोस्टरवर लिहिलेलं असेल तर ते गांभीर्याने घ्या : आधी जाऊन या, पाणी पिऊन घ्या, मधुमेह असेल तर आधी काहीतरी खाऊन बसा. 'एकलनाट्य' आणि 'एकपात्री' यांतही फरक केला जातो. एकपात्रीत बरेचदा एकच कलाकार अनेक पात्रं रंगवून हसवतो, एकलनाट्यात एका माणसाची एकच गोष्ट शेवटपर्यंत जाते. सगळेच हा फरक काटेकोर पाळतात असं नाही.

'शुभारंभाचा प्रयोग' हा शब्द दिसला की गर्दी धरा. घरचे, मित्र, गुरुजन सगळे त्या दिवशी येतात, टाळ्या जरा जास्तच पडतात. वातावरण भारलेलं असतं, पण नाटक अजून बसलेलं नसतं. मला विचाराल तर तिसऱ्या ते पाचव्या प्रयोगाला जा. तोपर्यंत नटांची धडधड कमी झालेली असते, प्रकाशयोजनेच्या चुका निस्तरलेल्या असतात. अर्थात प्रयोग पाचपर्यंत पोचेल याची खात्री नसेल तर शुभारंभालाच गाठा.

'फक्त प्रौढांसाठी' लिहिलं असेल तर मुलांना नेऊ नका. काही लिहिलेलं नसेल आणि मुलं न्यायची असतील तर दिलेल्या नंबरावर फोन करून विचारा. निर्मिती सूत्रधार म्हणजे सगळी व्यवस्था बघणारा माणूस, त्याला हा प्रश्न आवडतो. चार वर्षांचं मूल पहिल्या रांगेत घाबरून रडलं तर नटाचंही मन तिकडे ओढलं जातं, हे त्याला माहीत असतं.

शेवटी बारीक अक्षरांत नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा अशी नावं असतात. ती वाचा. चार-पाच नाटकं पाहिलीत की एखाद्या प्रकाशयोजनाकाराचं नाव दिसल्यावर 'अरे, यांचं असेल तर जायलाच हवं' असं तुमचं तुम्हाला वाटायला लागेल.

तिकीट

ऑनलाइन असेल तर बुकमायशो किंवा तिकीटालयवर असतं. नाहीतर पोस्टरवर एक मोबाइल नंबर असतो : पैसे यूपीआयने पाठवा, पोच दाखवून दारात तिकीट घ्या. 'प्रयोगाआधी एक तास नाट्यगृहावर तिकिटं मिळतील' असं लिहिलं असेल तरी शनिवार-रविवारी त्यावर विसंबू नका. खुर्च्याच थोड्या असतात आणि एखाद्या कॉलेजचा अख्खा गट आला की संपतात. मी अलीकडे काढलेली तिकिटं २०० ते ३०० रुपयांच्या घरातली होती. वाचनाचे किंवा चर्चेचे कार्यक्रम पुष्कळदा विनामूल्य असतात, त्यांच्या पत्रिकेत 'काही जागा राखीव' आणि 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' अशी ओळ असते. तिचा अर्थ अर्धा तास आधी पोचा.

आता थोडं पैशांचं बोलते, कारण नवीन माणसाला ते दिसत नाही. समजा शंभर खुर्च्या आहेत आणि तिकीट २५० रुपये. सगळं भरलं तरी गल्ल्यात २५,००० रुपये. त्यातून सभागृहाचं भाडं, दिव्यांचं भाडं, सामान आणणाऱ्या टेम्पोचे पैसे, कपडे, इस्त्री, दहा-बारा जणांचा चहा-नाश्ता. नटांच्या हातात येणारी रक्कम तुम्हीच काढून बघा. त्यामुळे ओळखीतून फुकट पास मागू नका. ओळख असेल तर उलट दोन तिकिटं जास्त काढा आणि शेजाऱ्यांना घेऊन जा.

प्रयोगाच्या दिवशी

पेठेतल्या नाट्यगृहाला चारचाकी घेऊन जाऊ नका. हे मी पोटतिडकीने सांगते आहे. दुचाकीलासुद्धा जागा शोधावी लागते आणि तेवढ्यात तिसरी घंटा, म्हणजे प्रयोग सुरू होत असल्याची घंटा, होते. मेट्रोने पीएमसी भवन स्थानकावर उतरून पूल ओलांडून शनिवार पेठेत चालत जाता येतं, बस आहे, रिक्षा आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जिना किती आहे, ते आधी फोनवर विचारा. अशा जागांना लिफ्ट असेलच असं नाही.

पंचवीस मिनिटं आधी पोचा. तिकिटावर आसनक्रमांक नसतो, जो आधी आत जाईल तो हवं तिथे बसेल. म्हणून रांग लागते आणि ती रांगच मला फार आवडते : मागे कुणीतरी काल पाहिलेल्या नाटकावर तावातावाने बोलत असतं, पुढे दोन मुली पाठांतर करत असतात.

बसायचं कुठे? मध्यावर, दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेचा अनुभव जबरदस्त असतो, पण पहिल्याच वेळी तिथे बसलात तर कुठे बघायचं हे कळत नाही, आणि पाय पसरले तर ते रंगमंचावरच जातात. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांनी मात्र पुढेच बसावं. छोट्या जागेत बहुतेक प्रयोग माइकशिवाय होतात, आणि नट प्रेक्षकांकडे पाठ करून बोलला तर ते वाक्य मागे विरून जातं. खुर्च्या दोन किंवा तीन बाजूंनी मांडल्या असतील तर कुठूनही काहीतरी हुकणारच, तसं ते मुद्दाम रचलेलं असतं. पुन्हा बघायची वेळ आली तर दुसऱ्या बाजूला बसा.

तिसरी घंटा झाली की दार बंद. अनेक ठिकाणी नंतर प्रवेश देतच नाहीत. मला एकदा असं बाहेर थांबावं लागलंय. पावसात भिजत पोचले होते, पाचच मिनिटं उशीर झाला होता, तिकीट हातात होतं, तरी दारावरच्या मुलाने हात जोडून 'नाही जमणार, ताई' म्हटलं. तेव्हा राग आला होता. पुढे एका प्रयोगात काळोख असताना दार उघडलं आणि बाहेरच्या ट्यूबलाइटचा पट्टा थेट रंगमंचावर झोपलेल्या पात्राच्या तोंडावर पडला. ते पात्र मेलेलं होतं. नटाच्या पापण्या हलल्या, मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि पुढची दहा मिनिटं ते मरण कुणालाच खरं वाटेना. तेव्हापासून मी त्या मुलाच्या बाजूची झाले.

मोबाइल सायलेंटवर ठेवणं पुरेसं नाही, बंद करा. व्हायब्रेशनची घरघर शंभर माणसांच्या शांततेत स्पष्ट ऐकू येते. आणि पडद्याचा उजेड तुमच्या तोंडावर पडतो तसा तो समोरच्या नटालाही दिसतो. फोटो, रेकॉर्डिंग नाही. प्लास्टिकच्या पिशव्या पायाशी ठेवा, मांडीवर नको. खोकल्याची उबळ येत असेल तर खडीसाखर किंवा लवंग आधीच काढून हातात ठेवा. चॉकलेटचा कागद अंधारात उलगडायला गेलं की आवाज जास्त होतो.

कधीकधी नट प्रेक्षकांकडे बघून थेट बोलतात, एखादी वस्तू हातात देतात. घाबरू नका, तुम्हाला अभिनय करायचा नसतो. वस्तू घ्या, धरून ठेवा, मागितली की परत द्या. आवडलं नाही तरी शक्यतो उठून जाऊ नका. बाहेर जाण्याची वाट बरेचदा रंगमंचावरूनच असते. तब्येतीमुळे उठावं लागेल असं वाटत असेल तर दाराजवळची कडेची खुर्ची घ्या आणि दारावर तसं सांगून ठेवा.

'कळलं नाही' याची भीती सगळ्यांना असते. मलाही अनेक नाटकं पूर्ण कळलेली नाहीत. मी एक सवय लावून घेतली आहे : घरी जाऊन वहीत तीनच गोष्टी लिहिते. काय दिसलं, काय ऐकू आलं, कुठे चुळबुळ झाली. अर्थ लावायला जात नाही. पुष्कळदा आठवड्याने भाजी निवडताना वगैरे अर्थ आपोआप लागतो.

प्रयोग संपल्यावर

घाईने निघू नका. कलाकारांची ओळख करून देतात, तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यांना पुढे बोलावतात, पुढच्या प्रयोगाची तारीख सांगतात. मग सगळे बाहेर येतात आणि मेकअप पुसायच्या आत नट तुमच्या शेजारी चहा पीत उभे असतात. मोठ्या नाट्यगृहात हे होत नाही.

त्यांच्याशी बोला. 'छान झालं' ते दिवसभरात पन्नास वेळा ऐकतात. त्याऐवजी एखादी नेमकी जागा सांगा : 'ते पत्र घडी घालताना तुम्ही थांबलात, तिथे मला माझी आजी आठवली.' नटासाठी हे फार मोलाचं असतं, कारण ती जागा चालते की नाही हे त्याला आरशात कळत नाही. खटकलेलं सांगायलाही हरकत नाही, फक्त पहिल्या दोन मिनिटांत नको. औपचारिक चर्चा ठेवली असेल तर एक प्रश्न विचारा आणि बसा. प्रश्नाच्या नावाखाली दहा मिनिटं भाषण करणारे एक गृहस्थ प्रत्येक शहरात असतात, त्यांच्यामुळे बुजऱ्या मुलांचे चांगले प्रश्न राहून जातात.

वर्षभरात केव्हा काय

ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे पुण्यात पुरुषोत्तम करंडक. १९६३पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते आहे. भरत नाट्य मंदिरात एकामागून एक एकांकिका, आणि मधल्या वेळात 'अरे, आवाज कुणाचा!' या आरोळीने सभागृह दणाणतं. नवख्यांनी प्राथमिक फेरीची एक तरी संध्याकाळ अनुभवावी. स्पर्धा झाल्यावर गाजलेल्या एकांकिकांचे प्रयोग छोट्या नाट्यगृहांत लागतात, ती तिकिटं लवकर काढा. गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमधले रस्ते संध्याकाळी बंद असतात, तेव्हा प्रयोगही विरळ आणि पोचणंही अवघड.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत राजांसमोर 'सीतास्वयंवर' केलं. सांगलीकर म्हणून मला त्याचा फार अभिमान आहे. त्या दिवशी बहुतेक नाट्यगृहांत रंगदेवतेची पूजा आणि छोटा कार्यक्रम असतो. त्याच सुमाराला राज्य नाट्यस्पर्धेच्या हौशी विभागाच्या प्राथमिक फेऱ्या वेगवेगळ्या केंद्रांवर सुरू होतात. तिकीट नाममात्र, आणि जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांसाठी सलग पंधरा-वीस नाटकं बघायची ही संधी. फार थोडे लोक ती घेतात याचं मला वाईट वाटतं.

जानेवारी-फेब्रुवारीत फिरोदिया करंडक : १९७४पासूनची स्पर्धा, नाटकात चित्र, नृत्य, वादन, शिल्प अशा अनेक कला एकत्र गुंफायच्या. फेब्रुवारी-मार्चच्या आसपास विनोद दोशी नाट्यमहोत्सव, ज्यात देशभरातली वेगवेगळ्या भाषांतली नाटकं येतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त वाचनं, २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन. मे महिना बालनाट्यं आणि शिबिरांचा. जूनमध्ये जरा शुकशुकाट असतो, पण त्याच वेळी आतल्या खोल्यांत पुढच्या स्पर्धांच्या तालमी सुरू झालेल्या असतात.

आणि काम करावंसं वाटलं तर

पाच-सहा प्रयोग पाहिल्यावर काही जणांना हे वाटतंच. अभिनयच यायला हवा असं अजिबात नाही. प्रत्येक संस्थेला बॅकस्टेजला माणूस कमी पडत असतो. तिकिटं फाडणं, खुर्च्या मांडणं, प्रवेशाप्रवेशांत सामान बदलणं, इस्त्री, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची, यादी सांभाळणं. शेवटच्या चहाच्या वेळी निर्मिती सूत्रधाराला गाठून 'मला शनिवारी मोकळा वेळ आहे, काही काम असेल तर सांगा' एवढं म्हणा. मी अशीच शिरले. माझं पहिलं काम होतं टॉर्च धरून विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागेत, उभं राहायचं, कारण नायकाला काळोखात पायरी दिसत नसे. चौदा प्रयोग मी ती पायरी दाखवली.

बोलावणं आलं तर काळे किंवा गडद कपडे घाला, वाजणाऱ्या बांगड्या आणि पैंजण काढून ठेवा, रबरी तळव्याची चप्पल किंवा मोजे घाला. छोटा टॉर्च घ्या आणि त्याच्या काचेवर निळा जिलेटीन पेपर चिकटवा, म्हणजे उजेड प्रेक्षकांपर्यंत जात नाही. पाण्याची बाटली आणि सेफ्टी पिनांची एक पट्टी जवळ असू द्या, पिना हमखास लागतात. विंगेत ठेवलेल्या वस्तूंना हात लावू नका, प्रत्येकीची जागा ठरलेली असते आणि नट अंधारात न बघता हात घालतो. आणि घरी सांगून निघा : टाळ्या साडेनऊला पडल्या तरी सेट सोडवून, दिवे उतरवून, टेम्पो भरेपर्यंत सहज साडेअकरा होतात.